पितळी साप आणि रिकामा कोनाडा

मुरबाडच्या पूर्वेकडील गावांतून सह्याद्रीच्या भिंतीकडे पाहिले असता जो माथा पावसाळ्याचे चार महिने ढगांत बुडालेला असतो, त्याच्या पलीकडे भीमाशंकर आहे. आणि महाशिवरात्रीच्या सुमारास डोक्यावर गाठोडे व हाती काठी घेऊन घाटवाटांनी वर चढणाऱ्या कोकणच्या यात्रेकरूंना तेथे शनिमंदिरासमोर जी अवजड घंटा टांगलेली दिसते, ती मूळची कोणा शिवभक्ताने ओतविलेली नसून वसईच्या ख्रिस्ती देवालयातून आलेली आहे, ही गोष्ट त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांनाही तीत काही वावगे वाटत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा कोट फिरंग्यांपासून घेतला, तेव्हा तेथील देवालयांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. एक येथे आली. एक वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर गेली, आणि तिच्यावर बालयेशूला घेतलेली मरिया व १७०७ हे साल आजही पाहावयास मिळते. एक नाशकास नारोशंकराच्या देवळावर चढली आणि तिचा आवाज इतका दूरवर जाऊ लागला की, मोठ्या घशाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची रीत त्या गावात पडली.

या घंटांच्या नशिबाचा विचार करताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. रोमन संप्रदायात घंटा टांगण्यापूर्वी तिला पवित्र जलाने धूत, तेलाचा अभ्यंग करीत, तिला एखाद्या संताचे नाव देत. लोक या विधीला सरळसरळ ‘घंटेचा बाप्तिस्मा’ म्हणत आणि युरोपातील प्रॉटेस्टंट पंडित त्याची मनसोक्त टवाळी करीत. म्हणजे वसईहून निघालेली ही धातूची वस्तू तेथेही निव्वळ वस्तू नव्हती. तिला नाव होते, तिच्या नादाने वादळ व सैतान दूर पळतात अशी भाविकांची समजूत होती. पुढे ती जिंकणाऱ्यांच्या अभिमानाची खूण झाली आणि शेवटी शंभूच्या दारात भक्ताच्या आगमनाची वर्दी देऊ लागली. दोन वेळा तिचे दैवत बदलले, तिला हात जोडणारे बदलले. कांस्य मात्र तेच राहिले.

मूर्तिपूजा हा शब्द ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी बहुधा शेजाऱ्याविषयी येत आला आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तो कोणत्या वाटेने आला आणि आल्यानंतर स्वतःच्याच घरात त्याचे काय झाले, हे शोधू जाता प्रथम हे सांगितले पाहिजे की, या मुलखात फिरंगाणाचा अंमल कधीच रुजला नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या पदरी पडली खरी. पण कल्याण-भिवंडीचा प्रांत आधी निजामशाही, मग आदिलशाही आणि १६५७ पासून शिवाजी महाराजांच्या ताब्यात गेला, आणि ज्याला जुन्या दप्तरांत कोळवण म्हणत तो आजचा शहापूर-मोखाड्याचा डोंगरी टापू तर महादेव कोळ्यांच्या व ठाकरांच्या सोयीनेच चालत आला. यामुळे वसईत पदोपदी दिसणारी चुन्याची उंच देवालये, लग्नातला उंबराच्या पाण्याचा विधी, वेशीवरचे क्रूस यांपैकी काहीही येथे नाही. साष्टीत मंडपेश्वराच्या लेण्यात फ्रान्सिस्कन साधूंनी शिवाच्या शिल्पांपुढे भिंती व गिलावा घालून प्रार्थनामंदिर थाटले आणि मराठ्यांच्या विजयानंतर ती शिल्पे पुन्हा उजेडात आली, तसला प्रसंग या बाजूस घडला नाही. येथील देव झाडाखाली, बांधावर, पाण्याच्या काठी होते; लाकडावर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर फासलेला वाघोबा आणि त्याच्या डोक्यावर चंद्रसूर्य, यापलीकडे त्यांना घर नव्हते. जे बांधलेलेच नाही ते पाडणार काय, ही अडचण पुढे पाद्र्यांनाही पडली असावी.

मुंबई-नाशिकच्या वाटेशी निगडित असलेला पहिला नामांकित मूर्तिभंजक ज्या रीतीने मेला, ती रीत मला नेहमी विचारात पाडते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, मराठी शिकले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर त्यांनी आयुष्याची वर्षे खर्ची घातली, आणि मूर्तिपूजेवर त्यांनी जितकी कडक भाषा वापरली तितकी त्या पिढीत थोड्यांनीच वापरली असेल. १८२६ च्या आरंभी ते नाशकास गेले असता तेथे पटकीची साथ पेटलेली होती. जवळची औषधे वाटून ते परत फिरले, आणि वाटेतल्या एका गावी रात्री उशिरा पोहोचले तेव्हा उतरण्यास दुसरा आसरा नसल्यामुळे देवळाच्या ओसरीवर त्यांनी आपली चटई पसरली. शेजारीच पटकीचे रोगी पडलेले होते. त्याच रात्री त्यांना लागण झाली आणि २० मार्च १८२६ रोजी, ज्या देवाविरुद्ध ते तेरा वर्षे बोलत आले होते त्याच्या उंबरठ्याशी, त्यांनी प्राण सोडला. बरोबरच्या दोघा मुलांनी घोंगडीत गुंडाळून त्यांना मूठमाती दिली. ओसरीवर पाठ टेकण्यास त्या देवाने हरकत घेतली नाही, आणि पाहुण्यानेही त्या रात्री सिद्धान्ताचा प्रश्न उपस्थित केला नाही. मूर्तिपूजेवरचे असंख्य ग्रंथ एकीकडे आणि ही एक रात्र दुसरीकडे ठेवली, तर मला स्वतःला त्या रात्रीतच अधिक शिकावयास मिळते.

त्यानंतरचा इतिहास लोखंडाच्या रुळांवरून आला. जी. आय. पी. रेल्वेची गाडी १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ च्या पहिल्याच दिवशी थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. आणि मामलेदार, जंगलखात्याचे अंमलदार, लाकडाचे मक्तेदार, सावकार हे जसे त्या गाडीतून उतरले, तसेच काही दशकांनी पाद्रीही उतरले. त्यांत अमेरिकेतील टेनेसी संस्थानच्या नॅशव्हिल शहरी जे. ओ. मॅक्लर्कन यांनी स्थापिलेल्या पेन्टेकॉस्टल मिशनचे लोक होते. ही संस्था १९१५ मध्ये ‘पेन्टेकॉस्टल चर्च ऑफ द नाझरीन’ या पंथात विलीन झाली आणि १९१९ मध्ये त्या पंथाने आपल्या नावातला पहिला शब्द गाळला. आगगाडीच्या वाटेवरची वासिंद व खर्डी आणि आडवाटेचे मुरबाड ही या मिशनऱ्यांची ठाणी होती. शहरांतील शाळा-कॉलेजांची कीर्ती त्यांच्यामागे नव्हती. भातशेतीच्या बांधावरून चालत जाणे, बैलगाडीत पुस्तके घालून बाजार करणे, तापकऱ्याला क्विनीन देणे, रात्री कंदिलाभोवती गाणी गाणे, असे ते काम होते.

पवित्रतेवर अपार भर देणारा हा पंथ होता. तंबाखू नको, दारू नको, दागिना नको, नाटक-तमाशा नको; अंतःकरण संपूर्ण शुद्ध झाले पाहिजे आणि ते याच जन्मी होऊ शकते, ही त्यांची शिकवण. मूर्तींचा प्रश्न त्यांच्या लेखी केव्हाच निकालात निघालेला होता. घरातले देवाचे टाक काढून टाकावेत, वाघोबाच्या बारशीची वर्गणी देऊ नये, भगताला बोलावू नये, म्हणजे काम झाले! आणि ज्या मोजक्या कुटुंबांनी हे ऐकले त्यांनी गावकीचा रोष पत्करला, पाणवठ्यावर बोलणी खाल्ली, सोयरिकी गमावल्या, हे विसरून त्यांच्याविषयी काही लिहिणे कृतघ्नपणाचे होईल. वाघोबाला चुकवणे म्हणजे नुसत्या दगडाला चुकवणे नव्हे. रानात ढोरे चारणाऱ्या माणसाचा तो वाघाशी झालेला जुना करार होता, आणि त्यातून बाहेर पडावयास लागणारे धैर्य आज मुंबईत बसून मोजता येण्यासारखे नाही.

पण भिंतीतला कोनाडा रिकामा झाला तरी कोनाडा राहतोच. दोन-तीन पिढ्यांत त्यात काय काय येऊन बसले, त्याची जंत्री कोणी केलेली नाही, आणि ती करणे मंडळीतल्या लोकांनाच खरे म्हणजे सोपे होते.

सर्वांत आधी बसला तो बंगला. ज्या मुलखात मोठे घर म्हणजे पाटलाचे किंवा सावकाराचे, तेथे कौलारू छपराचा, ऐसपैस पडवीचा, विहीर व तबेला असलेला मिशनचा बंगला उभा राहिला की तो आपोआप दरबार होतो. ‘पाद्रीसाहेब’ हा शब्दच पाहा, त्यात पाद्री कोठे संपतो व साहेब कोठे सुरू होतो हे कोणी सांगावे? मामलेदाराकडे चिठ्ठी हवी, जंगलखात्याचा दंड माफ करवून घ्यावयाचा, पोराला वसतिगृहात घालावयाचे, रेल्वेत गँगमनची जागा मिळवावयाची, तर अर्ज बंगल्यावर. साहेबाने देवाकडे बोट दाखवावे आणि लोकांनी बोटच धरावे, यात लोकांचा दोष किती? ज्याच्या हातून भाकर मिळते तो परमेश्वराचा निदान कारकून तरी असला पाहिजे, ही समजूत मोगलाईपासून या मुलखाच्या हाडात मुरलेली होती. आणि साहेबांनाही, त्यांच्यातल्या सत्प्रवृत्त माणसांनाही, हे आसन दरवेळी बोचत होते असे म्हणवत नाही.

बोचत होते अशी माणसे झाली नाहीत असे नव्हे. मुंबईचे जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये आले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी मिशनचा पगार नाकारून देशी वस्तीत एका खोपटेवजा घरात बिऱ्हाड केले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांशी समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या वादांचा वृत्तान्त छापणारे तेच. १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला, मायदेशी ते पुन्हा गेलेच नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती धारण केली व ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही जागा होती. दरबार हा शब्द त्यांनी सहज निवडला असेल असे मला वाटत नाही. बंगल्यावरचा दरबार त्यांनी बावीस वर्षे पाहिला होता. दोन वर्षांत ते वारले, आणि दरबार त्यांच्या मागे फार टिकला नाही. अशी माणसे पूज्य ठरतात, त्यांची छायाचित्रे भिंतीवर चढतात, आणि वहिवाट पूर्ववत चालू राहते. मूर्ती फोडणाऱ्याचीच मूर्ती करणे हा या प्रकारातला सर्वांत सोयीचा उपाय आहे.

यहुद्यांच्या जुन्या ग्रंथात याविषयी एक कथा आहे, जिच्यावर आमच्याकडील व्यासपीठांवरून प्रवचन क्वचितच ऐकू येते. रानात सापांनी डसलेल्या लोकांना वाचविण्यासाठी मोशेने प्रत्यक्ष देवाच्या आज्ञेने एक पितळी साप घडवून काठीवर उभारला. त्याच्याकडे पाहिले की माणूस जगे. पुढे शतके लोटली. हिज्कीया राजाच्या काळात तोच साप लोकांच्या धूपारतीचा विषय झाला आणि राजाने त्याचे तुकडे तुकडे केले. म्हणजे ही मूर्ती कनानी शेजाऱ्यांकडून आलेली नव्हती, चोरून आणलेली नव्हती; तिला खुद्द मोशेची सनद होती, आणि तिने खरोखरच माणसे वाचविली होती. तिच्याविरुद्ध दाखला आणावा तर कोठून? बंगला, शाळा, औषधाची पेटी, गीतांचे पुस्तक, सभेची शिस्त, या साऱ्यांनी एकेकाळी माणसे जगविली. म्हणूनच ती मूर्ती झाल्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही. वाघोबाविषयी सावध असलेला माणूस त्यांच्याविषयी सावध का असावा?

पंथाची गोष्ट अशीच. मिशनांनी आपापसांत भांडणे टाळण्यासाठी मुलूख वाटून घेतला, जशी जमाबंदीत गावे महालांत पडतात तशी. अमुक तालुका या मिशनचा, तमुक त्या मिशनचा. कारभाराच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची होती. परंतु अमेरिकेत एका शहरी झालेल्या ठरावाने खर्डीच्या शेतकऱ्याच्या धर्माचे नाव बदलावे, आणि पुढे तो पंथ आपले बळ बुलढाणा-वाशीमकडे एकवटून तेथे शाळा व रुग्णालय उभारीत असता इकडच्या माणसाने आपण आता कोणाचे असे विचारावे, यातली विसंगती ज्यांनी वाटणी केली त्यांना दिसली नाही. करिंथच्या मंडळीत कोणी स्वतःला पौलाचे म्हणवी, कोणी अपुल्लोसचे. पौलाने त्यावर त्यांची कानउघाडणी केली. ते पत्र येथे दर पिढीला वाचले गेले आणि दर पिढीला आपण नाझरीन की मेथॉडिस्ट, याची विचारपूस सोयरिकीच्या बैठकीत कुळाच्या विचारपुशीइतक्याच बारकाईने होत राहिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ निघाले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. कारणे दोन्ही बाजूंना होती, आणि त्यांतली काही मिळकतीची होती असे म्हटल्यास फारसे कोणी रागावणार नाही.

मिळकत! हा शब्द आला म्हणजे स्वर बदलतो. परदेशी पैसा ओसरला, साहेब गेले, आणि मागे राहिल्या त्या भिंती, आवारे, आंब्याची झाडे, सातबाऱ्यावरची नावे. राज्यात ठिकठिकाणी ख्रिस्ती मंडळ्यांच्या जमिनींचे तंटे धर्मादाय आयुक्तांपुढे व दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे चालत आले आहेत, आणि ज्या दोन पक्षांना एका प्रभुभोजनाच्या मेजाभोवती बसता येत नाही ते एकाच आवारासाठी तीन तपे तारखा घेत बसतात. लोभ ही मूर्तिपूजाच आहे, असे पौलाने कलस्सैकरांस स्पष्ट लिहिले. हे वाक्य पंचकमिटीच्या खोलीत टांगलेले मी अद्याप कोठे पाहिलेले नाही.

चित्रांच्या बाबतीत मी फारसा कडक नाही. ७८७ साली निकिया येथे भरलेल्या परिषदेने प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे जातो असा निर्वाळा दिला, आणि आमच्याकडचा कोणताही मूर्तिपूजक आचार्य याहून वेगळे काही सांगत आला नाही. मग एकाची ती श्रद्धा आणि दुसऱ्याची ती अंधश्रद्धा, हा न्याय मला कधी समजला नाही. गोव्यास फ्रान्सिस झेवियरच्या पार्थिव देहाचे दर्शन दर दहा वर्षांनी लाखो लोक घेतात, शेवटचे २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले, आणि त्यात हिंदू किती व ख्रिस्ती किती हे रांगेवरून सांगता येत नाही. प्रॉटेस्टंटांनी हे सारे त्याज्य ठरविले. परंतु शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने १९४० मध्ये काढलेले, लांब केसांचे, कोवळ्या उजेडातले येशूचे मस्तक कोट्यवधी प्रतींनी जगभर गेले आणि कॅलेंडरांवरून, काचेच्या चौकटींतून मूर्तिभंजकांच्या घरांतही चढले. नाताळात त्याला झेंडूचा हार पडतो. हार घालणाऱ्या हातांना आपण काही वेगळे करीत आहोत असे वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्या हातांनी दुसरे काय करावे?

कडक व्हावयाचे तर ते अलीकडच्या काही प्रकारांविषयी. गेल्या काही दशकांत या तालुक्यांतील पाड्यांवर पत्र्याच्या छपराखाली स्वतंत्र प्रार्थनासभा निघाल्या. कोणत्याही जुन्या मिशनचा त्यांना पाठिंबा नाही, आणि पुष्कळ ठिकाणी सभा चालविणारा पाळक दिवसा वीटभट्टीवर किंवा आसनगावच्या कारखान्यात राबतो. त्या साध्या माणसांविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु तालुक्याच्या गावी चंगाई सभा भरते तेव्हा रस्त्यावर जो फलक लागतो त्यावर प्रवक्त्याची छबी येशूच्या छबीच्या तिप्पट असते. अभिषिक्त तेलाच्या बाटल्या, प्रार्थना केलेले हातरुमाल, इतके द्याल तर इतके पावाल असा व्याजबट्ट्याचा हिशेब. भगताने कोंबडे मागितले तर तो सैतानी, आणि सभेत दशांशाच्या पाकिटासोबत पुराव्याची साक्ष मागितली तर ती आत्मिक! यात भगत अधिक सरळ वाटतो. त्याचे कोंबडे निदान गावात शिजते.

एवढे लिहून मी लेखणी खाली ठेवणार होतो. परंतु मुरबाडकडच्या एका पाड्यावर मागे पाहिलेली गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कुडाच्या घराला एकच पक्की भिंत होती आणि तिच्यात कोनाडा. पूर्वी त्यात देवाचे टाक असत, हे घरच्या म्हाताऱ्या आजींनी आपण होऊन सांगितले. आता तेथे मराठी पवित्र शास्त्राची जाड प्रत होती, आणि शेजारी तेलाची बाटली, तिच्या बुचावर चिमटीएवढी चिठ्ठी चिकटविलेली. इतका नेमका पुरावा हाती आल्यावर माझ्यासारख्याला गप्प बसवेना. मी विचारले, ‘आजी, देव काढले आणि बाटली तिथंच ठेवली?’

आजींनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. ‘मग कुठं ठेवू? खाली ठेवली का उंदीर पाडत्यात.’